पुण्य वाटताना घ्यायची काळजी

आपला धर्म कोणताही असो, शहर मोठं असलं की फूटपाथवर झोपणारे असतातच. म्हणजे पुण्याचा कच्चा माल दाराशी पडलेला आहे, फक्त तो जपून हाताळायला हवा.

आधी तारीख ठरवा. आपला सर्वांत मोठा सण घ्या. त्या रात्री आणखी चार संस्था त्याच पुलाखाली येणार असतील तर फारच छान. एकाच माणसाला तासाभरात पाच जेवणं मिळतील, आणि पाचवं त्याने नको म्हटलं की ‘माजलेत हे लोक’ म्हणायला आपण मोकळे. पुढच्या मंगळवारी तिथे कोण जातं, ही चौकशी करू नका. पाच संस्थांनी बसून वार वाटून घ्यायला एक फळा आणि एक खडू पुरतो, हे खरं. पण मग मंगळवार आपल्या गळ्यात पडायचा.

स्वयंपाक सकाळीच उरका, वाटप रात्री. सर्वांत खोल पातेलं घ्या आणि झाकण घट्ट बसवा. अन्नातले जंतू साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान झपाट्याने वाढतात, आणि खोल पातेल्याचा मधला भाग तासन्‌तास नेमका याच पट्ट्यात रेंगाळतो. दोन-तीन बोटं थर उथळ ट्रेमध्ये पसरून लवकर थंड करणं, किंवा वाढेपर्यंत 60 च्या वर ठेवून थर्मामीटरने तपासत बसणं, हे श्रद्धा कमी असलेल्यांचे उद्योग. भात असेल तर दुधात साखर. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवण्यातूनही तगतात, भात कोमट राहिला की वाढू लागतात, आणि त्यांनी तयार केलेलं उलट्यांचं विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. ‘आम्ही गरम करूनच दिलं होतं’ असं पुढे शपथेवर सांगता येतं, आणि ते खोटंही नसतं.

पोट बिघडलं तर आपल्याला संडास दहा पावलांवर. पुलाखालच्या माणसाला रात्री सार्वजनिक शौचालयाचं कुलूप. बायका तर अंधारात तिकडे जावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यांना आग्रहाने वाढा, आणि शौचालय रात्रभर उघडं राहावं म्हणून अर्ज-विनंत्या करण्याच्या भानगडीत पडू नका. शौचालयाचं उद्घाटन करायला धर्मगुरू येत नाहीत.

प्रवचन मात्र जेवणाआधीच हवं. नंतर ठेवलं तर ऐकायला कोण थांबतं ते एकदा करून बघा. नाहीतर नकोच, उगाच मन खट्टू होईल. मधुमेहाची गोळी घेऊन रांगेत उभा असलेला माणूस तिसऱ्या प्रार्थनेला घामाघूम होऊन थरथरू लागला, तर तो भावविभोर झाला असं समजा. साखर उतरलीय वगैरे शंका काढून रसभंग करू नका. या कामाला परंपराही आहे. आयर्लंडमध्ये 1840 च्या दशकातल्या दुष्काळात काही धर्मप्रसारक संस्थांनी सूप आणि धर्मांतर एकाच पळीने वाढलं. ‘यांनी सूप घेतलं’ हा टोमणा तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालला. त्याच दुष्काळात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी विनाअट सूपकेंद्रं चालवली. त्यातून त्यांच्या पंथात किती भर पडली? हिशेब कच्चा, दुसरं काय.

ब्लँकेट द्याच. फोटोत ते उठून दिसतं. अंगाखाली जमीन उष्णता ओढून घेत असते, त्यामुळे वरच्या दुसऱ्या ब्लँकेटपेक्षा खाली जाड चटई अधिक उपयोगी पडते. पण चटई अंगावर पांघरवून फोटो कसा काढणार? मोजे तर अजिबात नकोत. दिवसभर ओल्या राहिलेल्या पायाची कातडी बर्फाची थंडी नसतानाही सडायला लागते, आणि कोरड्या मोज्यांचे दोन जोड तेवढं टाळू शकतात. पण मोजे वाटल्यावर कोणी टाळ्या वाजवल्याचं ऐकिवात नाही.

जुने कपडे तसेच गाठोड्यात बांधून द्या, आकाराच्या चिठ्ठ्या लावण्यात वेळ घालवू नका. त्यात खरजेचे किडे असलेच तर गरम पाण्याच्या धुण्याने मरतात, नाहीतर आठवडाभर पिशवीत बंद ठेवले तरी अंगाबाहेर जगत नाहीत. इतका सोपा उपाय सांगून ठेवलाय म्हणजे तो करायलाच हवा असं थोडंच आहे.

प्रार्थनास्थळाच्या सभागृहात रात्रीचा निवारा काढलात तर दार सातला बंद करा आणि पहाटे पाचला सगळ्यांना बाहेर काढा. रात्रपाळीवाल्याने नोकरी सोडून यावं. नवरा एका दालनात, बायको दुसऱ्या. कुत्रा बाहेर. बोचकंही बाहेर, आणि त्याच बोचक्यात त्याची कागदपत्रं असतात. थंडीत खिडक्या घट्ट लावा. क्षय हवेतून पसरतो, त्याला अशी भरलेली, कोंदट खोली फार मानवते.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळून राहा. कोणीतरी म्हणेल, तुमच्या संस्थेचा पत्ता या माणसाला पत्रव्यवहारासाठी वापरू द्या. पत्ता मिळाला की हरवलेलं ओळखपत्र मागवता येतं, मग बँकेचं खातं उघडतं, मग पेन्शनचा अर्ज मार्गी लागतो, आणि बघता बघता रांगेतला एक माणूस कमी. हे लोण असंच पसरतं. 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने आधी घर द्यायचं आणि दारू सोडायची अट घालायची नाही, असं काम सुरू केलं. दिलेल्या घरात बहुतेक लोक टिकले. फिनलंडने 2008 पासून ते राष्ट्रीय धोरणच करून टाकलं. आता घर दिलेल्या माणसाचा फोटो काय काढणार? दार आतून लावून तो झोपलेला असतो.