‘सिस्टीम घेत नाही’

गेल्या वर्षी मी राहते त्या नेदरलँड्समधील एका छोट्या प्रदर्शनासाठी मी एक वस्तू तयार केली. विदा, म्हणजे आपल्याविषयी सतत गोळा होत राहणारी माहिती, हीच ज्या समाजात माणसाची पात्रता ठरवू लागेल, त्या समाजाची आगाऊ सूचना देणारा प्रोटोटाइप आयोजकांना हवा होता. विषय माझा नव्हता. मात्र त्यानिमित्ताने भारतातील आधार आणि विदा-संरक्षणावरचे वाद एकीकडे आणि येथील माझी काही वर्षे दुसरीकडे, असे समोरासमोर ठेवून पाहावे लागले. असे पाहिल्यावर दोन्हीकडच्या चर्चेचा रोख चुकीच्या जागी आहे, असे माझे मत झाले.

भविष्याचा इशारा देणाऱ्या वस्तू घडवण्याची रीत तशी जुनी आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये अँथनी डन आणि फियोना रॅबी यांनी १९९० च्या दशकात, विकण्यासाठी नव्हे तर प्रश्न विचारण्यासाठी वस्तू घडवण्याचा पायंडा पाडला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेल्या अनब जैन यांच्या ‘सुपरफ्लक्स’ या स्टुडिओने तर २०३० मधली प्रदूषित हवा कशी असेल याचे नमुनेच तयार केले आणि ते संयुक्त अरब अमिरातीतील धोरणकर्त्यांना हुंगायला दिले. कितीही आकडेवारी मांडून जे पटले नसते ते एका श्वासात पटले, असे जैन सांगतात. मला त्यांचा हेवा वाटला, कारण खराब हवा नाकाला कळते; विदेला ना वास, ना रंग, ना वजन. तिच्यामुळे होणारे नुकसान हुंगायला द्यायचे तर नेमके काय द्यायचे?

माझा पहिला प्रयत्न फसला. मी एक काळी पेटी केली होती, तिच्या दर्शनी भागावर भिंग बसवले होते, आणि समोर कोणी उभे राहिले की ते भिंग त्या चेहऱ्याच्या दिशेने वळून लाल होत असे. यंत्रणा जुळवायला तीन आठवडे गेले. मैत्रिणींना आणि त्यांच्या मुलांना घरी बोलावून ती दाखवली, तर सगळ्यांनी तिच्यासमोर उभे राहून फोटो काढून घेतले आणि मुलांनी तिला चकवण्याचा खेळ सुरू केला. पाहणारा डोळा आपण इतक्या चित्रपटांत पाहिला आहे की त्याची भीती कधीच ओसरली आहे, आणि तो मुलांना थेट खेळणे वाटला. मी नजरेची वस्तू केली होती, निर्णयाची नव्हे. हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

भारतातील वादही बऱ्याच अंशी याच डोळ्याभोवती फिरतो. एक बाजू म्हणते की सरकार आपल्यावर नजर ठेवणार. दुसरी बाजू उत्तर देते की कर नाही त्याला डर कशाला. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला. त्यानंतर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने, काही तरतुदी रद्द करून, आधार वैध ठरवला. या साऱ्या काळात परदेशस्थ मराठी माणसाला ठरलेला टोमणा ऐकावा लागला: तुम्ही तिकडे निमूटपणे सरकारी नंबर घेता, मग इथल्या नंबरला नाके का मुरडता?

टोमण्यात तथ्य आहे, हे मान्य करायला हवे. येथे आल्यावर पहिल्याच दिवसांत मी नगरपालिकेत जाऊन नऊ आकडी नागरिक सेवा क्रमांक घेतला आणि तेव्हा माझ्या मनात कोणताही तात्त्विक प्रश्न उभा राहिला नाही. त्या क्रमांकाखाली माझा पगार, विमा, कर, पत्ता आणि कुटुंब असे सगळे एका दोरीत ओवले गेले आहे. भारतातल्या कोणत्याही कार्यालयाला माझी इतकी नीटनेटकी माहिती कधी नव्हती.

नीटनेटक्या नोंदींचे काय होऊ शकते, हे मात्र या देशाइतके फार थोड्यांनी भोगले आहे. १९३० च्या दशकात डच प्रशासनाने प्रत्येक रहिवाशाचे एक कार्ड ठेवण्याची आदर्श पद्धत बसवली, आणि त्या कार्डावर धर्माचीही नोंद होती. ती करणाऱ्यांच्या मनात काही काळेबेरे असल्याचे दिसत नाही. त्यांना केवळ व्यवस्थितपणा आवडत होता. १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या आणि हीच कार्डे ज्यूंना शोधण्याच्या कामी आली. २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार चळवळीतला एक गट पोलिसांचे खोटे गणवेश घालून ॲमस्टरडॅमच्या लोकसंख्या नोंदणी कार्यालयात शिरला आणि त्याने स्फोटकांनी कार्डे उडवून दिली, तरी त्यांचा थोडाच भाग नष्ट झाला. त्या गटाचे म्होरके चित्रकार विलेम अरोन्डेअस आणि शिल्पकार गेरिट व्हान डर व्हेन हे होते. माझ्या व्यवसायातील माणसे ‘डिझाइनची सामाजिक जबाबदारी’ वगैरे बोलू लागली की मला ते शिवलेले खोटे गणवेश आठवतात.

इतका इतिहास पाठीशी असूनही हा देश पुन्हा त्याच वाटेने गेला. बालसंगोपन अनुदानातील गैरव्यवहार शोधण्यासाठी येथील कर प्रशासनाने जोखीम मोजणारे एक संगणकीय प्रारूप वापरले, आणि अर्जदाराचे नागरिकत्व डच आहे की नाही, हा त्यातील एक निकष होता. एखादी सही राहिली किंवा स्वतःच्या वाट्याची थोडी रक्कम भरल्याचा पुरावा देता आला नाही, तरी पूर्ण वर्षाचे अनुदान परत मागितले जाई. हजारो कुटुंबे त्यामुळे कर्जात बुडाली. काही पालकांनी स्वतःचीच फाइल मागितली, तेव्हा त्यांच्या हाती ओळीच्या ओळी काळ्या पट्ट्यांनी झाकलेले कागद आले. या प्रकरणावरून १५ जानेवारी २०२१ रोजी संपूर्ण मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्याच्या जवळपास वर्षभर आधी, ५ फेब्रुवारी २०२० रोजी, हेगच्या न्यायालयाने ‘सिरी’ (SyRI) नावाची दुसरी एक प्रणाली मानवी हक्कांच्या कसोटीवर रद्द केली होती. अनेक खात्यांची विदा एकत्र करून फसवणूक करू शकणारी माणसे हेरण्याची ही प्रणाली गरीब वस्त्यांवरच रोखलेली होती, आणि तिचे निकष सरकारने न्यायालयालाही उघड करून दिले नव्हते.

ही प्रकरणे वाचताना एक गोष्ट मला खटकत राहिली. त्या पालकांची तक्रार कोणी आपल्याला पाहत आहे, अशी नव्हतीच. आपल्याला काय म्हणून मोजले गेले, कोणी मोजले आणि ते चुकले हे सांगायचे कोणाला, हे त्यांना कळत नव्हते. भारतातील सरकारी खिडकीवर या अवस्थेसाठी तीन शब्दांचे वाक्य आधीपासून तयार आहे: सिस्टीम घेत नाही. या वाक्यात नकार देणारा माणूसच नाहीसा होतो.

म्हणून दुसरी वस्तू मी अगदी सामान्य केली. बिले छापणारा, ५८ मिलिमीटर रुंदीच्या उष्णतासंवेदी कागदाचा एक छोटा प्रिंटर, बोट टेकवण्यासाठी काचेची चकती आणि आत सूक्ष्मनियंत्रकाचा (मायक्रोकंट्रोलरचा) बोर्ड, एवढेच तिच्यात होते. चकतीवर बोट टेकवले की चार सेकंद काहीच होत नसे, आणि मग पावती बाहेर येई. अर्ज: नामंजूर. कारण: नोंदींशी विसंगत. हरकतीची मुदत: सहा आठवडे. त्याखाली ‘निर्णय घेणाऱ्याचे नाव’ असे छापून पुढची जागा रिकामी सोडलेली असे. कोणता अर्ज, हे कुठेच लिहिलेले नव्हते. काही जणांना ‘मंजूर’ अशी पावती मिळे. चकतीखाली एका साध्या बटणाखेरीज काहीही नव्हते. कोणाला काय मिळावे, हे बोर्ड सोडत काढल्यासारखे ठरवत होता.

प्रदर्शनात मी पेटीपासून थोडी दूर उभी राहत असे. नामंजूर पावती मिळालेले लोक पेटीवर चिडतील, अशी माझी अपेक्षा होती, परंतु चिडले फार थोडे. बहुतेकांनी कारण स्वतःतच शोधले. एक बाई सोबतच्या माणसाला सांगत होत्या की गेल्याच महिन्यात घर बदलले, त्यामुळे पत्ता जुळला नसेल. एका तरुणाने बोट पँटला पुसून पुन्हा टेकवले. सर्वात विलक्षण होते ते एक मंजूर झालेले गृहस्थ: ते दहा मिनिटे तेथेच थांबले आणि बोट कसे सपाट आणि किती दाबून टेकवायचे, हे मागून येणाऱ्यांना शिकवू लागले. सोडतीत जिंकलेल्या माणसाला आपल्या अंगी कौशल्य आहे असे वाटणे स्वाभाविक असेल, पण त्या दृश्यात मला जे दिसले ते त्या काळ्या भिंगात कधीच दिसले नसते.

तालुक्याच्या कार्यालयात नोकरी करणाऱ्या माझ्या मावसबहिणीला मी याची चित्रफीत पाठवली, तेव्हा तिने फोन करून विचारले, “ताई, यात भविष्य कुठे आहे?” तिचे म्हणणे रास्त होते. राबून राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा शिधावाटपाच्या मशीनवर अंगठा लागत नाही आणि त्यांना उद्या या म्हणून सांगितले जाते, हे तेथे रोजचे आहे. तेलंगणात विविध खात्यांच्या नोंदी आपोआप जुळवणाऱ्या ‘समग्र वेदिका’ या प्रणालीने एका रिक्षा ओढणाऱ्या माणसाला मोटारीचा मालक ठरवले आणि त्याच्या कुटुंबाचे धान्य थांबले. येथील प्रेक्षक ज्याला इशारा समजतो, ते कोणासाठी तरी गेल्या मंगळवारचे असते. अशा कलाकृतींवर हाच आक्षेप दक्षिण अमेरिकेतील डिझाइन अभ्यासकांनी यापूर्वी घेतला आहे, आणि मावसबहिणीने तो एका वाक्यात घेतला.

तरीही तिच्याशी माझा एका मुद्द्यावर वाद झाला. माझा सगळा रोष माणूस नाहीसा होण्यावर होता. त्यावर तिने आठवण करून दिली की खिडकीमागचा अधिकारसंपन्न माणूस म्हणजे काय, हे मी परदेशी राहून विसरले आहे. चिरीमिरी, ओळखपाळख, जात विचारून बदलणारा सूर, हे सारे यंत्र आल्यावर काही प्रमाणात कमी झाले, आणि म्हणूनच ज्यांना नकार मिळतो तेही पुष्कळदा यंत्राच्या बाजूने बोलतात. यावर माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. फक्त इतके म्हणता आले की लाच मागणाऱ्याचे निदान नाव घेता येते.

कायद्याच्या अंगाने पाहिले, तर फरक ठळक आहे. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या विदा-संरक्षण नियमावलीच्या २२ व्या कलमाने, केवळ यंत्राने घेतलेल्या गंभीर परिणामांच्या निर्णयाला अधीन न होण्याचा हक्क, काही अपवाद ठेवून, दिला आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात असा हक्क नाही. उलट सरकारी यंत्रणांना अधिसूचनेद्वारे सूट देण्याची सोय १७ व्या कलमात आहे, आणि याच कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचा अपवाद अधिक रुंद केला आहे. मराठी वृत्तपत्रांतून या शेवटच्या मुद्द्यावर बरेच लिहून आले आहे, यंत्राच्या निर्णयावर मात्र जवळपास काहीच नाही. पण म्हणून ‘तिकडे कायदा आहे’ असे छातीठोकपणे सांगायला माझी जीभ रेटत नाही. डच पालकांनाही सहा आठवड्यांत हरकत घेण्याचा हक्क होताच. हरकती घेतल्या गेल्या आणि फेटाळल्याही गेल्या, कारण फाइल वाचणाऱ्या प्रत्येकाने आधीच्या शिक्क्यावर विश्वास ठेवला. देशातील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानेही २०१९ पर्यंत त्या कठोर वसुलीला मान्यताच दिली होती.

सहा आठवडे हा आकडा मी पावतीवर येथील कायद्यातूनच घेतला होता. तो छापताना कागदाचा गुणधर्म माझ्या ध्यानात नव्हता. उष्णतासंवेदी कागदावर शाई नसते. कागदाच्या लेपातील रंगद्रव्य तापून काळे होते, आणि ऊन किंवा प्लास्टिकचे पाकीट लागले की पुन्हा फिके पडते. प्रदर्शनानंतर मी काही पावत्या खिडकीशी ठेवल्या होत्या. हरकतीची मुदत संपायच्या आत ‘कारण’ ही ओळ वाचता येईनाशी झाली. हा गुण मी योजलेला नव्हता, पण आता पुढच्या आवृत्तीसाठी मुद्दाम सर्वात लवकर उडणारा कागद शोधते आहे.

प्रदर्शन आवरताना पेटीजवळ टाकून दिलेल्या पावत्याही मी गोळा केल्या. त्यांपैकी तीन पावत्यांवर ‘निर्णय घेणाऱ्याचे नाव’ या रिकाम्या जागेत पाहुण्यांनी, ती आपल्या सहीसाठीच असावी असे समजून, स्वतःचे नाव लिहिले होते.