शेवटचं कडवं

परवा भाचीच्या लग्नासाठी हॉल बघायला गेलो होतो. मॅनेजरने नियमांचा छापील कागद पुढे सरकवला. भिंतीला खिळे ठोकू नयेत, उरलेलं अन्न पार्टीने न्यावं, रात्री दहाला स्पीकर बंद. हे सगळं आता पाठ झालंय. बारावा नियम मात्र नवा होता: 'ध्वनिमुद्रित संगीत वाजवायचे असल्यास त्याचा परवाना पार्टीने आणावा.'

"कुणाचा परवाना हो?"

"ते मलाही नीट माहीत नाही साहेब. एक माणूस येतो, नोटीस ठेवून जातो. मागच्या सीझनला एका पार्टीने भरले पैसे."

किती भरले, कुणाच्या नावे भरले, त्यातले गाणं लिहिणाऱ्याच्या हातात किती पडले, काही सांगता येईना. बिचारा आचारी, मंडप आणि पार्किंगच्या रगाड्यातला माणूस.

घरी येऊन कायदा काढून बसलो. (जुना आजार. बायको म्हणते, वकील तरी व्हायचं होतं, फी मिळाली असती.) १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात लिहिलंय की धार्मिक विधीत गाणं वाजवलं तर तो कॉपीराइटचा भंग होत नाही, आणि लग्नाची वरात, लग्नाशी जोडलेले इतर समारंभ हेही त्यात धरायचे. केंद्राच्या उद्योग खात्याने जुलै २०२३मध्ये नोटीस काढून हेच पुन्हा सांगितलं. जानेवारी २०२४मध्ये गोवा सरकारनेही परिपत्रक काढलं. त्याविरुद्ध संगीत हक्कवाल्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं, कारण कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त काही परिपत्रकात घुसडता येत नाही. मला ते पटतं. गल्लीतल्या वरातीचा बँजो वेगळा आणि समुद्रकिनारी रिसॉर्टवर तीन दिवस चालणारा डीजे वेगळा. पण कंपन्यांचे वकील आहेत, सरकारचे वकील आहेत. हॉलच्या मॅनेजरकडे फक्त बारावा नियम आहे.

यावरून मला माझा मामा आठवला.

ज्यांचा जन्म २०००नंतरचा आहे त्यांना 'कॅसेट भरून देणे' हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागेल: मूळ कॅसेटमधली हवी ती गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायची. तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या अंगाला, मामाचं खोपटाएवढं दुकान होतं. दोन डेकचा टेप, मागे रॅकवर मूळ कॅसेटी. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी घेऊन यायचं: 'ए' साईडला ही आठ, 'बी' साईडला ती आठ. कोरी कॅसेट गिऱ्हाइकाने आणली असेल तर पाच रुपये, मामाची असेल तर वेगळा हिशोब. साठ मिनिटांची घ्या नाहीतर नव्वदची. लग्नसराईत मामाला जेवायला फुरसत नसायची, रिक्षावाले वरातीची यादी घेऊन रांगेत. रीळ अडकली की पेन्सिल घालून फिरवायची, हे काम माझं. कॉपीराइट हा शब्द त्या दुकानात कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

तो पहिल्यांदा उच्चारला गेला १९९१च्या पावसाळ्यात. एका कंपनीचा माणूस दोन पोलीस घेऊन आला, पंचनामा झाला, दोन्ही डेक आणि कॅसेटी पोत्यात भरून नेल्या. मामा एक रात्र कोठडीत. ६३व्या कलमात किमान सहा महिने शिक्षा आहे, कमाल तीन वर्षं. १९८४मध्ये ती वाढवली होती, कॅसेटीच्या धंद्याने जोर धरला तेव्हा. तारखा सात वर्षं चालल्या. शेवटी पुराव्याअभावी सुटला, तोवर दुकानाचं झेरॉक्स सेंटर झालं होतं.

मामा कायद्याने चोर होता, यात मला शंका नाही. माझ्या एका मित्राच्या वडिलांनी कर्ज काढून लोकगीतांची एक कॅसेट काढली होती. आठ दिवसांत तिच्या नकला स्टँडवर आल्या आणि ते कर्ज त्यांनी म्हशी विकून फेडलं. त्यांच्यासमोर बसून 'गाणं सगळ्यांचं असतं' असं म्हणायची माझी तरी टाप नाही.

पण मामाच्या दुकानात एक शाहीर यायचे. नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. पायात टायरच्या वहाणा, खिशाला दोन पेनं. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीसाठी त्यांनी बरीच गाणी लिहिली. गाण्यामागे दीडशे रुपये, व्हाउचरवर सही, विषय संपला. त्यातलं एक गाणं तुफान चाललं. त्या वर्षी आमच्या भागात असा एकही उरूस, अशी एकही जयंती नसेल जिथे ते वाजलं नाही. शाहीर एक दिवस आले आणि संकोचून म्हणाले, "अण्णा, आपल्या त्या गाण्याची कॅसेट जरा भरून द्या की. घरात ऐकतील."

मामाने पैसे घेतले नाहीत. ज्या माणसाने गाणं लिहिलं त्याला स्वतःचं गाणं चोराकडून भरून घ्यावं लागत होतं, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

टेप सुरू झाला. शाहीर शेवटपर्यंत ऐकत बसले आणि म्हणाले, "ह्यांनी कडवं खाल्लं." 'बी' साईडला जागा पुरत नव्हती म्हणून कंपनीने शेवटचं कडवं उडवलं होतं. नाममुद्रा त्याच कडव्यात होती.

आता नाममुद्रा म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. 'तुका म्हणे' ही आपली कॉपीराइट नोटीस. तिच्यात पैशाचा संबंध नव्हता. गाणं कुणीही गावं, कुठेही गावं, नाव तेवढं पुसू नये, एवढाच करार. तो मोडणारेही तेव्हा होते. सालोमालो नावाचा एक जण आपली रचना स्वतःची म्हणून खपवतो, ही तक्रार खुद्द तुकोबांची. पण सालोमालोला निदान नाव पुसून तिथे स्वतःचं घालावं लागलं. कंपनीने तेवढीही तसदी घेतली नाही.

मग कायदा कुणाच्या बाजूने होता? १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की निर्मात्याने पैसे देऊन सिनेमासाठी गाणं करून घेतलं आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक निर्माता. गीतकार-संगीतकारांची संस्था हरली. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळी टीप जोडून हळहळ व्यक्त केली की भारतीय संगीतात जीव ओतणाऱ्या गायकाला कायद्यात काहीच हक्क नाही. लताबाई साठच्या दशकात हेच मागत होत्या, गायकाला रॉयल्टी. त्यावरून रफीसाहेबांशी इतकं बिनसलं की काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत. आणि न्यायाधीशांची हळहळ म्हणजे काही कायदा नव्हे.

पळवाटा मात्र चिक्कार होत्या. जुन्या ५२व्या कलमात सोय होती की मूळ रेकॉर्ड निघून दोन वर्षं झाली की नोटीस देऊन, ठरलेली रॉयल्टी भरून, तेच गाणं दुसऱ्या गळ्यातून रेकॉर्ड करता येईल. गुलशन कुमारांनी या वाटेने केवढं साम्राज्य उभारलं ते सगळ्यांना माहीत आहे. दर्यागंजच्या ज्यूसच्या दुकानातून आलेला हा माणूस, प्रस्थापित कंपन्या त्याच्या नावाने बोटं मोडत. आज तीच टी-सिरीज देशातल्या सगळ्यात मोठ्या हक्कदार कंपन्यांपैकी एक आहे आणि पायरसीविरुद्ध तीच कोर्टात उभी असते. मला यात ढोंग दिसत नाही, धंदा दिसतो. कुंपणाबाहेर असताना कुंपण नको असतं, आत आल्यावर तारा ओढायच्या.

तारा ओढणाऱ्यांच्या गोष्टी तर ऐकण्यासारख्या आहेत. अमेरिकेत १९९९मध्ये उपग्रह टीव्हीच्या एका विधेयकात अचानक एक बारीक तरतूद शिरली: ध्वनिमुद्रण हे 'नोकरीत केलेलं काम' धरायचं. तिचा अर्थ असा की ३५ वर्षांनी आपली रेकॉर्ड कंपनीकडून परत मागायचा कलाकाराचा हक्क गेला. ती घालणारा मिच ग्लेझियर हा संसदेच्या समितीचा कर्मचारी. काही महिन्यांत तो रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेत नोकरीला लागला, आणि २०१९मध्ये तिचा प्रमुख झाला. शेरिल क्रोसारखे कलाकार उठले म्हणून २०००मध्ये ते कलम मागे घ्यावं लागलं. याच संघटनेतल्या कंपन्यांच्या खटल्यात २००९मध्ये मिनेसोटातल्या एका बाईला इंटरनेटवर वाटलेल्या २४ गाण्यांसाठी १९ लाख २० हजार डॉलरचा दंड ठोठावला होता. पुढे तो बराच कमी झाला, तरी २ लाख २२ हजारांवर राहिलाच. २४ गाणी! मामाच्या हिशोबाने दीड कॅसेट.

आपल्याकडेही हे चालतंच, फक्त आपण त्याला लॉबिंग म्हणत नाही, 'शिष्टमंडळ भेटलं' म्हणतो. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१च्या अखेरीस संपत होता, तेव्हा साऱ्या देशासाठी लेखकाच्या मृत्यूनंतरची कॉपीराइटची मुदत ५० वर्षांवरून ६० केली. आपल्या राज्यातलं उदाहरण तर नमुनेदार आहे. एमपीडीए कायदा, ज्याखाली पोलीस माणसाला खटल्याशिवाय स्थानबद्ध करतात, त्याचं लांबलचक नाव कधी वाचलंय का? झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधी द्रव्यांचे गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, आणि २००९पासून व्हिडिओ पायरेट. नंतर वाळू तस्करही आले. हातभट्टीवाला आणि वाळू तस्कर यांच्या मधोमध फुटपाथवर सीडी विकणारं पोरगं बसलंय. गीतकाराचे पैसे बुडवणाऱ्या कंपनीचं नाव त्या यादीत घालावं, असं कुठल्या शिष्टमंडळाला सुचलं नाही.

कॉपीराइट कायद्याची २०१२ची दुरुस्ती झाली तीही लॉबिंगनेच, आणि मी तिच्या बाजूने आहे. २०१०मध्ये जावेद अख्तर राज्यसभेवर नियुक्त झाले, विधेयक तिथेच आलं होतं, आणि ते हक्काच्या प्रश्नावर भरभरून बोलले. मे २०१२मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. सिनेमागृहाबाहेर गाणं जिथे जिथे वापरलं जाईल तिथली रॉयल्टी गीतकार-संगीतकारांनाही समान वाट्याने. आणि हा हक्क करारात लिहून दिला तरी जात नाही. हीच खरी मेख, कारण सही तर सगळे करून देतात. सिनेमाबाहेरच्या गाण्यांनाही ते लागू. गायकांच्या रॉयल्टीचीही सोय झाली.

आणखी एक बदल झाला त्याबद्दल फार कुणी बोललं नाही. हक्क विकला तरी 'हे मी लिहिलंय' असं म्हणायचा अधिकार लेखकाकडेच राहतो, हे ५७वं कलम. पण लेखक वारल्यावर त्याच्या मुलांना बाकीचं सांगता यायचं, बापाचं नाव लावा एवढंच मागता येत नव्हतं. २०१२ला तो अपवाद काढला. आता मुलं मागू शकतात.

कायदा व्हायला राज्यसभेत एक गीतकार बसावा लागला, हे मला जास्त टोचतं. आमचे शाहीर राज्यसभा सोडा, ग्रामसभेतही मागच्या रांगेत बसायचे. रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत नाव नोंदवल्याशिवाय पैसा येत नाही, आणि मुंबईबाहेरच्या किती लोककवींच्या मुलांना ती संस्था ठाऊक आहे? जुन्या करारांचं घोंगडं भिजतंय ते वेगळंच. शाहीर वारले १९९८मध्ये. म्हणजे त्यांच्या शब्दांवर २०५८ संपेपर्यंत कॉपीराइट आहे. तो कुणाकडे आहे हे त्या दीडशे रुपयांच्या व्हाउचरलाच माहीत, आणि ते व्हाउचर कधीच रद्दीत गेलं असणार.

हॉलवरून आल्या रात्री ते गाणं यूट्यूबवर शोधलं. सापडलं. पाच-सहा जणांनी टाकलंय, नवा रिमिक्सही आहे, जाहिरात लागते म्हणजे कुणीतरी कमावतंय. एका व्हिडिओखाली गीतकाराच्या जागी लिहिलंय: 'पारंपरिक'. खाली कुणीतरी विचारलंय, हे कुणी लिहिलं कुणाला माहीत आहे का? चार वर्षांपूर्वीचा प्रश्न, उत्तर नाही.

मामाला फोन केला. आता ऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं. म्हटलं, शाहिरांचं ते कडवं आठवतंय का? म्हणाला, "थांब," आणि फोन तसाच ठेवून गेला. यादीच्या वह्या त्याने जपून ठेवल्यात. मामा कोठडीतून सुटून आल्यावर शाहिरांनी त्याला ते कडवं स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं म्हणे, मला हे माहीत नव्हतं. त्याने चष्मा लावून, अडखळत, चालीत म्हणून दाखवलं. मी लिहून घेतलं आणि शाहिरांच्या धाकट्याचा नंबर शोधायला लागलो. तो मिळाला काल संध्याकाळी. ऊसतोडीच्या मुकादमाकडे कामाला आहे. कलम ५७ सांगायला सुरुवात केली तर म्हणाला, "दादा, ते नंतर बघू. आधी ते कडवं पाठवा, आईला ऐकवतो."

पाठवलं. मामाच्या आवाजातलंच.

भाचीच्या लग्नात बँजो लावणार आहोत.

(यादीच्या वह्या, दीडशेचं व्हाउचर, कापलेली कडवी, असलं काही तुमच्या घरी असेल तर मेसेज करा. नावं जाहीर करणार नाही.)