आयसीयूबाहेर बसलेल्यांच्या हातात एक कागद द्या

"पेशंट सिरियस आहे, आत्ताच काही सांगता येणार नाही." आयसीयूच्या दारात नातेवाइकांना बहुतेक वेळा एवढंच ऐकायला मिळतं. आयसीयूत काम करणाऱ्या आम्हा मंडळींचं ठाम मत आहे की याला माहिती देणं म्हणत नाहीत.

फ्रान्समधल्या 34 आयसीयूंत नातेवाइकांना साधं माहितीपत्रक देऊन पाहिलं होतं. 2002 साली निष्कर्ष आले. पत्रक न मिळालेल्यांपैकी जवळपास 41 टक्के लोकांना काय चाललंय ते नीट समजलेलं नव्हतं. पत्रक मिळालेल्यांत हे प्रमाण 12 टक्क्यांच्या आत होतं. एका कागदाने एवढा फरक पडतो. आपल्याकडे बिलाचा कागद रोज मिळतो, मग हाही पहिल्याच दिवशी मराठीत मिळायला हवा.

त्यात साध्याच गोष्टी हव्यात. हात बांधलेत ते अर्धवट शुद्धीत पेशंटने घशातली श्वासाची नळी ओढू नये म्हणून. नळी स्वरयंत्रातून जाते म्हणून आवाज फुटत नाही, वाचा गेलेली नसते. मॉनिटर वाजला की बाहेरच्यांचा जीव खालीवर होतो, पण पुष्कळदा ऑक्सिजन मोजणारा बोटाचा चिमटा सरकलेला असतो किंवा बोटं गार पडलेली असतात. "हे लोक मला मारणार आहेत" असं पेशंट म्हणू लागला तर तो बहुधा डिलिरियम, म्हणजे आजारपणात मेंदूचा उडालेला तात्पुरता गोंधळ असतो. वाद घालू नका. चष्मा, कानाचं मशीन आणून द्या, आज वार कोणता ते सांगा.

सगळ्यात जास्त गैरसमज ट्रॅकिऑस्टॉमीचे. गळ्याला छेद म्हणजे आता संपलं, असं समजून सही अडते, घरात भांडणं होतात. खरं तर व्हेंटिलेटर लांबणार असं दिसलं की तोंडातली नळी काढून गळ्यातून घालतात. त्याने झोपेची औषधं कमी करता येतात, कफ काढणं सोपं जातं. पेशंट सुधारला की ती नळी काढता येते आणि छेद बहुधा आपोआप भरून येतो.

"तब्येत कशी आहे?" या प्रश्नाला "तशीच आहे" हेच उत्तर मिळणार. त्यापेक्षा विचारा: व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन काल किती टक्के होता, आज किती? बीपी टिकवून धरणाऱ्या औषधाचा पंप वाढवला की कमी केला? लघवी तासाला किती होतेय? 60 किलोच्या माणसाला साधारण 30 मिली तरी व्हायला हवी. एका आकड्यावर आशा किंवा निराशा बांधू नका. दोन-तीन दिवसांत कल कुठे आहे ते पाहा. घरातल्या एकानेच बोलावं, वहीत लिहून घ्यावं आणि इतरांना तेच सांगावं. चार जणांनी चार डॉक्टरांना विचारलं की चार वेगळे अर्थ निघतात.

हॉस्पिटलनेही रोजची वेळ ठरवावी, नातेवाइकांना बसवून बोलावं, सोबत सिस्टर असाव्यात. समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतला हक्क आहे.

आणि अनेक दिवस सुधारणा नसेल तर स्पष्ट विचारा: या उपचारांनी माणूस बरा होईल असं तुम्हाला अजून वाटतंय का? शेत विकायच्या आधी, दागिने गहाण टाकायच्या आधी विचारा. डॉक्टरांनीही तोवर थांबू नये, हा विषय स्वतःहून काढावा.