‘चार तास नुसता चिखल’: एक स्टार देणाऱ्या ग्राहकाला मालकाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. गोठलेल्या तलावावर मासेमारीसाठी आमची खोली घेतली, वर बर्फाखालच्या कॅमेऱ्याचं जादा भाडं भरलं, चार तास पडद्यावर नुसता चिखल आणि काळोख बघितला, कॅमेरा स्वतःभोवती गरगरत राहिला, संध्याकाळी बॅटरीने मान टाकली आणि भारतातून आलेल्या आईसमोर शोभा झाली. म्हणून एक स्टार, आणि भाडं परत हवं. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच लिहितो. मिनियापोलिसहून हिवाळ्यात आमच्याकडे येणारी बरीच मंडळी आपलीच आहेत, त्यांच्याही कामी येईल.

आधी चिखलाचं बोलू. तुमची खोली मड फ्लॅटवर होती. आमच्या मिल लॅक्स तलावाच्या तळाशी अशी गाळाची पठारं आहेत. त्या गाळात किड्यांच्या अळ्या असतात, अळ्यांमागे पर्च हे छोटे मासे येतात आणि पर्चच्या मागे वॉलाय, म्हणजे ज्याच्यासाठी सगळे इथे येतात तो मोठा मासा. म्हणजे चिखल दिसत होता याचा अर्थ खोली योग्य जागी उभी होती. पडदाभर धुरळा उठला तो कॅमेरा तळाला टेकल्यामुळे. तो तळापासून फूट-दीड फूट वर लोंबता ठेवायचा असतो. एकदा टेकला की गाळ बसेपर्यंत काही दिसत नाही. बर्फाखाली वारा नाही, लाटा नाहीत, त्यामुळे उठलेला गाळ हलता हलत नाही. एरवी या तलावाचं पाणी चांगलं नितळ असतं. 2005 साली इथे झेब्रा शिंपले सापडले, त्यानंतर तर आणखीच नितळ झालं. तलावाचं त्याने भलं झालं असं मी म्हणणार नाही, पण कॅमेऱ्याला ते पथ्यावर पडलं.

आता गरगरण्याचं. केबल रिळावर गुंडाळलेली असते, तिला पीळ बसलेला असतो. पाण्यात सोडली की पीळ सुटतो आणि टोकाचा कॅमेरा फिरतो. पीळ सुटेपर्यंत थांबायचं, मग बर्फात पाडलेल्या भोकाच्या काठावर जो चिमटा असतो त्यात केबल अडकवायची. दिशा बदलायची असेल तर चिमट्यापाशीच केबल दोन बोटांत धरून जराशी वळवायची. पाते असलेली बाजू म्हणजे कॅमेऱ्याची शेपटी, हेही ध्यानात ठेवा. मी सामान उचलायला आलो तेव्हा चिमटा टेबलावर कोरडा पडलेला होता.

आणि कॅमेरा गळाच्या भोकात होता! आमच्या मुलाने कॅमेऱ्यासाठी वेगळं भोक चार फुटांवर पाडून दिलं होतं, ते उगाच नाही. आमिष बाजूने दिसायला तेवढं अंतर लागतं, आणि गळाला लागलेला मासा गोल फिरला तर दोरी केबलला वेढा घालत नाही. आमिष पडद्यावर सापडतच नाही, ही तक्रार तर सगळ्यांचीच असते. त्यावर उपाय असा: आमिष आणि कॅमेरा दोन्ही आधी बर्फाच्या लगेच खाली सोडा. कॅमेरा वळवत वळवत जिग, म्हणजे आमिष लावलेला वजनदार गळ, पडद्यावर आणा. मग एकाने दोरी आणि दुसऱ्याने केबल, दोघांनी एकाच गतीने खाली सोडायची, जिग चौकटीतून निसटू न देता. वीस-पंचवीस फूट खोल गेल्यावर शोधत बसण्यापेक्षा हे फार सोपं पडतं.

दर थोड्या वेळाने कॅमेरा वर काढून बघू नका. तळाशी पाणी गोठणबिंदूच्या वर असतं आणि खोलीचं दार उघडं असलं की बाहेरची हवा उणे वीस. ओल्या काचेवर बघता बघता बर्फाचा पापुद्रा धरतो. तो नखाने किंवा चाकूने खरवडायचा नाही, काचेवर ओरखडे पडतात (पडलेत, पण त्याचे पैसे मी मागत नाही). कॅमेरा पुन्हा पाण्यात सोडून थांबा, पापुद्रा आपोआप वितळतो.

तुम्ही पोचलात साडेतीनला. जानेवारीत इथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, वर बर्फावर हिमाची जाड चादर, मग खाली उजेड पोचणार कुठून? अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लावावेच लागतात, पण त्यांत काही फुटांपलीकडचं दिसत नाही आणि चित्र काळंपांढरं येतं. पाण्यात गाळ उठलेला असताना तेच दिवे लावले तर खंडाळ्याच्या धुक्यात हायबीम लावल्यासारखं होतं, समोर नुसतं पांढरं. तेव्हा दिवे आधी बंद ठेवा, गाळ बसला की लावा.

बॅटरी दाराशी बर्फावर ठेवली होती. लेड-ॲसिड बॅटरी उणे अठरा अंशांना साधारण निम्मीच ताकद देते. हीटरच्या बाजूच्या बाकावर ठेवा असं तिच्या झाकणावर लिहिलेलं आहे आणि मुलाने तोंडीही सांगितलं होतं.

आता शोभा झाल्याबद्दल. निघताना काकू, म्हणजे तुमच्या आई, मला म्हणाल्या, ‘‘त्या काळ्यात दोन दिवे पेटल्यासारखे दिसले हो, मग गेले.’’ तो वॉलाय होता. त्याच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. त्यामुळे पडद्यावर आधी डोळे उजळतात आणि अंग मागून दिसतं. तो आला, आमिषाकडे बघत राहिला आणि वळला. अशा वेळी दांडी जोरात झटकायची नसते. किंचित उचलून स्थिर धरायची. पण तेव्हा तुम्ही बॅटरीच्या वायरी बघत होतात, असं काकूच म्हणाल्या.

भाडं परत मिळणार नाही. कॅमेरा आम्ही दाखवण्यासाठी देतो, मासा मिळेल याची हमी त्यात कधीच नव्हती, आणि यंत्र चालू स्थितीत होतं. मात्र काकू परत जाण्याआधी पुन्हा आलात तर कॅमेऱ्याचं भाडं घेणार नाही आणि जोडणी मी स्वतः तुमच्यासमोर करीन. दुपारी एकच्या आत या, आणि आधी फोन करा. शनिवार तेवढा टाळा, त्या दिवशी मला पाणी प्यायलाही फुरसत नसते.