ठाण्यावर पुस्तक काढताय? आधी तलाव मोजा

तुम्हाला ठाण्यावर कथा-लेखांचा संग्रह काढायचाय ना? काढा की. हल्ली सगळेच काढतात. लिहायचं नाही, काढायचं, एवढा फरक तेवढा ध्यानात ठेवा. लिहायला बूड टेकून बसावं लागतं, काढायला व्हॉट्सअॅप ग्रुप पुरतो. मी गेल्याच महिन्यात अशा एका संग्रहातून जिवंत बाहेर आलेय, तेव्हा अनुभव ताजा आहे तोवर चार गोष्टी सांगते. फुकट सांगतेय हे विशेष, कारण मला त्या संग्रहात शिरायलाच पंधराशे पडले होते.

लेखक गोळा करणं सोपं. दुपारी अडीच-तीनला फोन करा. त्या वेळी माणूस जेवून आडवा झालेला असतो, कशालाही हो म्हणतो. "ताई, तुमच्याशिवाय आमचं ठाणं अपुरं आहे हो," असं म्हणा. हेच वाक्य तीस जणांना म्हणायचंय, म्हणून आवाज बसू देऊ नका. दुसऱ्या दिवशी क्यूआर कोड पाठवा. 'पैसे' हा शब्द उच्चारू नका, 'सहयोग निधी' म्हणा. 'मानधन' तर विचारूच नका, तो शब्द आता फक्त शब्दकोशात सापडतो. बदल्यात एक प्रत, एक प्रमाणपत्र आणि एक शाल. तीस गुणिले पंधराशे म्हणजे पंचेचाळीस हजार झाले, छापायच्या प्रती तीनशे. हिशेब कुणी मागणार नाही. मागितलाच तर 'ताईंनी साहित्यात पैसा आणला' असं ग्रुपवर लिहा आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाका.

आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे, तीनशे रुपये वेगळे घ्या. हा क्रमांक आपल्याकडे राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी फुकट देते, पण लेखकांना ते कुठे ठाऊक असतं? मला नव्हतं. मी दिले.

ठाणं म्हणजे तलावांचं शहर, म्हणून मुखपृष्ठावर तलाव. चर्चा नको.

प्रस्तावनेची सुरुवात १६ एप्रिल १८५३ ने करा. बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला पोचली. चौदा डबे, चारशे माणसं, साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी. हे निदान पाच लेखांत आलं पाहिजे, सलामीसकट. मग १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय, मग १९८८ आणि २०१० ची साहित्य संमेलनं, मग गडकरी रंगायतन नाट्यगृहाचा कट्टा. झाली प्रस्तावना. चारशे माणसं आणि चौदा डबे म्हणजे डब्याला एकोणतीसच्या आत. त्या गाडीत बसून राहा. उतरून आजच्या गाडीत चढायला जाऊ नका, तिथे गर्दी आहे आणि गर्दीत गद्याची इस्त्री मोडते.

मिसळीवर लेख तीनच घ्या. आमच्यात सहा होते. सहाही जणांच्या नाकातून पाणी आलं होतं आणि सहाही जणांना ते 'अस्सल ठाणेकर' असल्याचं लक्षण वाटत होतं.

वेड्यांच्या इस्पितळावर एक विनोद हवाच. इस्पितळ १९०१ सालचं आहे. विनोदही बहुधा त्याच आठवड्यातला.

नवी मुंबईवर काढत असाल तर काम निम्म्याने हलकं. तलावाच्या जागी फ्लेमिंगो टाका आणि दर दोन पानांनी 'नियोजनबद्ध' लिहा. हे नियोजन पंचाण्णव गावांच्या जमिनीवर झालं, १९८४ च्या जानेवारीत उरणच्या शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या आणि पाच जण गेले, हे लिहायला बसलात तर फ्लेमिंगो उडून जातील. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात द्यायच्या साडेबारा टक्के भूखंडांचं काय झालं असं कुणी विचारलंच तर ते जीएसटीबद्दल बोलतायत असं समजा.

आता संपादन. इथे जरा बसून ऐका, कारण खरी कला इथे आहे.

लेखकाने दिलेला मजकूर हा कच्चा माल असतो, हे आधी मनाशी पक्कं करा. माझंच उदाहरण घ्या. मी तीस वर्षं कळव्यात राहते, म्हणजे खाडीच्या त्या बाजूला, जिथवर ठाण्यावरच्या पुस्तकांची शाई पोचत नाही. मी कथा दिली 'मागची लिफ्ट'. सुरेखा नावाची बाई दिवा या उपनगरात राहते आणि घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये पाच घरची धुणीभांडी करते. टॉवरला लिफ्टा तीन. पुढच्या दोन आरशाच्या. मागची एक प्लायवूड ठोकलेली, कोपऱ्यात सिमेंटची पूड, आणि दारावर लॅमिनेट केलेला कागद: 'घरकामगार, डिलिव्हरी व पाळीव प्राणी यांनी हीच लिफ्ट वापरावी.' हा कागद मी रचलेला नाही. भाचीकडे बारशाला गेले होते तेव्हा डोळ्यांनी पाहिलाय, खालच्या कोपऱ्यात सेलोटेप पिवळी पडली होती तीसुद्धा आठवते. त्यातल्या 'व' पाशी मी थांबले होते. पूर्ण कथा त्या 'व' वरून सुचली.

तर कुशल संपादकाने काय करावं? कागद काढून टाकावा. का? कारण मागच्या मुखपृष्ठावर एका बिल्डरची रंगीत जाहिरात आहे, 'सरोवराच्या कुशीत, तुमच्या स्वप्नातलं घर'. अशी घरं देणाऱ्याच्या पाठीशी पाठ लावून 'व पाळीव प्राणी' कसं छापणार? "ताई, नकारात्मक वाटतं हो ते," असं म्हणावं. तेही छापून झाल्यावर. कागद गेला म्हणजे लिफ्ट नुसती लिफ्ट राहिली, आणि सुरेखा त्यातून नऊ पानं वर-खाली करते ती कशासाठी, हे आता मलाही सांगता येत नाही.

मग मुद्रितशोधन. 'फास्ट गाडी कळव्याला थांबत नाही' असं मी लिहिलं होतं. छापून आलं, 'फास्ट गाडी कळवायला थांबत नाही.' वाईट याचं की अर्थ लागतो. 'दिव्याच्या बायकांनी दार अडवलं' याचं झालं 'दिव्य बायकांनी दार अडवलं'. साडेसातच्या गाडीला दिव्य बायका! त्यांचे रोज धक्के खाणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी ते वाक्य डब्यात मोठ्याने वाचलं आणि मुलुंडपर्यंत हसल्या. मीही हसले. पुस्तक वाचून कुणी हसलं, तेवढंच काय ते.

आणि शेवट. माझ्या कथेचा शेवट असा होता: सुरेखा रात्री पावणेदहाला घरी येते, टँकरच्या पाण्याचे दोन कॅन जिन्यातून वर चढवते आणि दार उघडायच्या आधी त्यातल्या एका कॅनवर बसते. बस. पुस्तकात माझी सुरेखा ठाणे स्टेशनला उतरते, चालत तलावपाळीवर जाते, भेळ घेते, मासुंदा तलावात पडलेलं चंद्राचं प्रतिबिंब बघते, 'आणि तिला वाटते, हे शहर आपलेच आहे.' खाली माझं नाव. मी फोन केला तर संपादक म्हणाले, "वाटेतच तर आहे ताई, पाच मिनिटांवर!"

आहे ना, वाटेतच आहे. नकाशात सगळंच वाटेत असतं. कासारवडवलीला पाच घरची भांडी घासून, मेट्रोच्या खांबांमधून शेअर रिक्षाने दीड तास तिंबत आलेली बाई स्टेशनवर गाडी सोडून चंद्र बघायला जाईल? ती इंडिकेटर बघेल हो! तलावपाळीवर रात्री कोण बसतं ते तरी कधी बघितलंय का तुम्ही? ज्याचं घर चालत दहा मिनिटांवर आहे तो बसतो.

असो. आवाज चढला. सल्ला देत होते.

कायद्याची धास्ती बाळगू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. त्यात म्हटलंय की हक्क विकून टाकले असले तरी मजकुराची मोडतोड करून लेखकाच्या लौकिकाला बाधा आणली तर त्याला दाद मागता येते. आकडा लक्षात ठेवायला सोपा, साल आणि कलम एकच. पण पंधराशे भरणाऱ्याला लौकिक कसला, असा युक्तिवाद तुमच्याकडे आहेच. शिवाय हक्क लेखी घ्यावे लागतात, तेही घेऊ नका. ग्रुपवर अंगठा दाखवला की झालं.

प्रकाशन रविवारी सकाळी ठेवा. प्रमुख पाहुणे घोडबंदरहून येणारे निवडा, म्हणजे दोन तास सूत्रसंचालकाच्या चारोळ्या ऐकता येतात. आमचे पाहुणे गायमुखच्या कोंडीतून घामाघूम होऊन आले, पाणी प्यायले आणि 'ठाण्याने जपलेला निवांतपणा' यावर चाळीस मिनिटं बोलले. पुस्तक त्यांनी उघडलं नाही. रिबिनीची गाठच सुटत नव्हती.

शाल दमट हवेत वापरता येत नाही. माझ्याकडे आता चार आहेत.

घरी येऊन मी संग्रह पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तीस लेखकांपैकी तो पूर्ण वाचणारी मी एकटीच असेन, संपादक धरून. तलाव अठरा ठिकाणी. राम मारुती रोडवरची दिवाळी पहाट सात ठिकाणी. वागळे इस्टेटीतले कारखाने बंद पडले त्यावर अर्धं वाक्य, तेही 'तिथे आता छान कॅफे झालेत' हे सांगण्यासाठी. चेंदणी कोळीवाड्याचं नाव एकदा, पापलेटाच्या संदर्भात. कळवा एकदा, तेही 'कळवायला' या रूपात. मुंब्रा? शून्य. तीस कथा-लेखांत मुंब्रा हा शब्द नाही. मुंब्रा ठाणे महापालिकेत आहे, आपल्याच घरपट्टीच्या वहीत आहे. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसं मेली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारातून माणसं खाली पडली आणि मेली. त्या सकाळी मी गाडीतच होते, पुढच्या. पडलेल्यांतली काही माणसं अठराशे त्रेपन्नच्या त्याच रुळांच्या पुढच्या टोकावरून कामाला निघाली होती. त्यांच्यावर एक ओळ? हे मी संपादकांना विचारलं तर म्हणाले, "ताई, तसलं नको. पुस्तक भेट म्हणून देता यायला हवं."

आता सल्ला संपला. आता सरळ बोलते.

अहो संपादक सर, भेट द्यायची असेल तर काजूकतली द्या. शहराचं पुस्तक काढायला निघालात ना? मग शहरात हिंडा तरी. सकाळी सातला दिवा स्टेशनच्या पुलावर उभे राहा. किसननगरच्या गल्लीत पावसात जा. मागच्या लिफ्टने एकदा वर जा. नाही जमत? मग आपल्या एका भागापुरतं पुस्तकाला 'आमचा नौपाडा' म्हणा, मी कौतुकाने वाचेन; नौपाड्यावर चांगलं लिहिता येतं, वाईट काही नाही त्यात. पण अठरा लाखांच्या वर माणसं आहेत या शहरात २०११ च्या जनगणनेप्रमाणेच, आणि तुम्ही त्यातल्या पाच-सहा रस्त्यांना 'ठाणं' म्हणता, वर ज्यांना वगळलंत त्यांच्याच नावाने एका कामवालीला तलावाकाठी बसवून भेळ खायला घालता, हा निगरगट्टपणा आहे. आळस असता तर मी एवढं बोलले नसते. आळशी माणसाने माझा शेवट होता तसाच छापला असता. तुम्ही मेहनत घेतलीत.

पंधराशे परत नकोत मला. आयएसबीएनचे तीनशेही ठेवा. माझ्या प्रतीत पान ८७ वर मी निळ्या पेनाने 'कळवायला' खोडून 'कळव्याला' केलंय, 'दिव्य' चं 'दिव्याच्या' केलंय आणि भेळेवर आडवी रेघ मारलीय. उरलेल्या दोनशे नव्याण्णव प्रतींपैकी निम्म्या तुमच्या पलंगाखाली आहेत, ते मला माहीत आहे. पेन घ्या आणि बसा.