वुल्फ हॉल दोन एपिसोड बघून सोडू नका प्लीज

"काही घडतच नाही आणि स्क्रीनवर नुसता अंधार" असं म्हणून 'वुल्फ हॉल' अर्ध्यात सोडणारे इतके जण भेटलेत की आज लिहितेच. बीबीसीची २०१५ची, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या दरबारावरची सिरीज, फक्त ६ एपिसोड, हिलरी मँटेलच्या दोन जाडजूड कादंबऱ्यांवरून केलेली, आणि त्या दोन्हींना बुकर मिळालंय, २००९ आणि २०१२ला.

अंधार आहे, मान्य. दिग्दर्शक पीटर कोस्मिन्स्कीने रात्रीचे सीन मेणबत्त्यांच्या उजेडात शूट केलेत. खोलीतले लाइट बंद करून बघा, मग कळतं की त्या दरबारात कोण कुठल्या कोपऱ्यात उभं राहून ऐकतंय हे दिसणं किती अवघड असेल. आणि सगळी गोष्ट ऐकणाऱ्या माणसाचीच तर आहे! थॉमस क्रॉमवेल, पटनीच्या लोहाराचा मुलगा, बापाचा मार खाऊन घरातून पळालेला, पुढे कार्डिनल (चर्चमधला बडा अधिकारी) वूल्सीचा विश्वासू माणूस आणि मग थेट आठव्या हेन्रीचा उजवा हात. क्रॉमवेल झालेला मार्क रायलन्स बोलतो फार कमी, समोरचा बोलत असताना त्याचा चेहरा बघत राहायचा. आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिकांत प्रत्येक वाक्यावर ढोल आणि तीन तीन क्लोजअप असतात, त्या सवयीमुळे सुरुवातीला जड जातं हे खरंय.

पण हे हळू चालणं वसूल होतं (इथून पुढे स्पॉयलर, तसा ५०० वर्षं जुना). वूल्सी मेल्यावर दरबारात एक सोंग होतं, चार सैतान त्याला हातपाय धरून नरकात ओढत नेतात, सगळे खिदळतात, मुखवटे निघतात आणि क्रॉमवेल मागे उभा राहून ते चार चेहरे बघतो. एक शब्द बोलत नाही. मग १५३६, राजाला त्याची राणी ॲन बोलीन नकोशी झालीय, तिच्यावर व्यभिचाराचा आरोप ठेवायचाय आणि त्यासाठी पुरुष हवेत. क्रॉमवेल कोणाला निवडतो? तेच चौघे, ज्यांच्यात ॲनचा सख्खा भाऊ पण आहे, आणि पाचवा मार्क स्मीटन, बिचारा वादक. एकेकाला समोर बसवून शांतपणे प्रश्न विचारतो आणि आपल्याला आठवतं की वूल्सीचा हात कोणी धरला होता, पाय कोणी. इतकी थंड सूडाची गोष्ट मी टीव्हीवर दुसरी पाहिली नाही, आणि वाईट म्हणजे तोपर्यंत आपण क्रॉमवेलच्या बाजूचे झालेलो असतो, त्याची बायको आणि दोन मुली साथीत गेलेल्या आपण पाहिलेल्या असतात.

१९ मे १५३६ला ॲनचं डोकं उडवलं जातं, तलवारीने. ॲन झालेल्या क्लेअर फॉयने तो शेवट काय केलाय! आणि मग हेन्री हात पसरून हसत क्रॉमवेलला मिठी मारतो. हेन्री झालेल्या डेमियन लुईसचा तो आनंद आणि रायलन्सचे डोळे, अंगावर काटा येतो. त्याला तिथेच कळलंय की हा राजा कोणाचाच नाही. २८ जुलै १५४०ला क्रॉमवेलचंही डोकं गेलं, आणि त्याच दिवशी राजेसाहेबांनी पाचवं लग्न केलं.

तो भाग २०२४च्या दुसऱ्या सीझनमध्ये आहे. मध्ये गॅप न ठेवता लगेच बघा, कारण जोनाथन प्राइसचा वूल्सी मेल्यानंतरही त्यात क्रॉमवेलशी बोलायला येतो आणि ते सीन पहिला सीझन ताजा असेल तरच खरे लागतात.