ताईंनी मगो बुडवला? शशिकला काकोडकरांबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

गोव्याच्या राजकारणातल्या घराणेशाहीचा विषय निघाला की एक मजकूर हटकून पुढे ढकलला जातो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सार एकच: गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि मुख्यमंत्रिपद लेकीला आयतं मिळालं. शशिकलाताईंनी सहा वर्षांत नाव घेण्यासारखं काही केलं नाही. भाऊंनी उभा केलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) त्यांनी बुडवला आणि स्वतः काँग्रेसमध्ये जाऊन बसल्या. उरलेलं राजकारण कोकणीच्या द्वेषावर केलं. याचीच एक गोडगोड आवृत्तीही आहे, तिच्यात ताई ‘देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री’ असतात.

गोडगोड आवृत्ती आधी निकालात काढू. देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री सुचेता कृपलानी, उत्तर प्रदेशात, १९६३ साली. त्यानंतर १९७२ मध्ये ओडिशात नंदिनी सत्पथी. ताई तिसऱ्या. गोव्यातल्या पहिल्या आणि आजवरच्या एकमेव, एवढं लिहिलं तरी पुष्कळ झालं. खोट्या कौतुकाचा तोटा असा की ते उघडं पडलं की खऱ्या कामावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आता ‘आयती खुर्ची’.

यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला लाजायचं कारण नाही. १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब पदावर असतानाच गेले आणि पक्षाने त्यांच्या मुलीला पुढे केलं. आडनाव बांदोडकर नसतं, तर अडतिसाव्या वर्षी त्या मुख्यमंत्री झाल्या असत्या का? मला तरी वाटत नाही. मगो हा त्या काळी भाऊंच्या शब्दावर चालणारा पक्ष होता. पेडण्याच्या या खाणमालकाने बहुजन समाजाला पहिल्यांदा सत्तेची चव दाखवली होती आणि त्या माणसाच्या जागी त्याच्या घरातलंच कुणीतरी हवं, ही कार्यकर्त्यांची भावना होती. पण ताईंना कुणी स्वयंपाकघरातून उठवून सचिवालयात नेलं नव्हतं. १९६७ पासून त्या विधानसभेत होत्या, १९७२ पासून वडिलांच्या मंत्रिमंडळात. आमदारकीची सहा वर्षं त्यांच्या गाठीशी होती.

आयतं मिळालेलं पद टिकतं की नाही, ते पुढच्या निवडणुकीत कळतं. ती झाली १९७७ च्या जूनमध्ये. तीनच महिन्यांपूर्वी देशात इंदिरा गांधींचा पराभव झाला होता, जनता पक्षाची लाट होती आणि भाऊंना जाऊन जवळपास चार वर्षं लोटली होती. सहानुभूती चार वर्षं टिकत नाही. तीस जागांपैकी मगोला मिळाल्या १५, काँग्रेसला १०, जनता पक्षाला ३. म्हणजे नेमक्या निम्म्या, आणि १९७२ मधल्या भाऊंच्या १८ पेक्षा तीन कमी, हे खरं. पण १९६७ साली खुद्द भाऊसाहेब मैदानात असताना पक्षाला १६ जागा होत्या. लेकीने बापाच्या त्या आकड्यापेक्षा एकच कमी आणली. मजकूर लिहिणारे १९७२ शी तुलना करतात, १९६७ चं नाव घेत नाहीत.

‘सहा वर्षांत काहीच केलं नाही’ हा मुद्दा मात्र नुसता चूक नाही, तो त्या मजकुराच्या लेखकाचं गोव्याच्या जमिनीबद्दलचं अज्ञान उघडं करतो.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं मागे जातो. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात गावच्या गाव भाटकारांच्या मालकीचं. माडांची भाटं त्यांची आणि त्या भाटात घर बांधून राहणारा तो मुंडकार. भिंती त्याने उभ्या केलेल्या, छप्पर त्याने शाकारलेलं, पण पायाखालची जमीन भाटकाराची. भाट राखायचं, सांगितलं ते काम करायचं, आणि मर्जी फिरली तर घर सोडायचं. तीन-तीन पिढ्या एकाच चुलीवर जेवलेल्या कुटुंबाकडे त्या जागेचा कागद नसायचा. मुंडकार हिंदू होते तसे ख्रिस्तीही होते, भाटकारही दोन्हीकडचे. मत कुणाला द्यायचं हेसुद्धा अनेकदा भाटकाराच्या ओसरीवर ठरायचं. ज्याच्या डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याचं मत स्वतःचं कसं असणार?

१९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा ताईंच्या सरकारचा. त्याने मुंडकाराला घरातून हुसकावण्यावर बंदी आणली आणि घर व घराभोवतीची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क दिला. त्यापाठोपाठ कुळकायद्याची पाचवी दुरुस्ती. इथे ‘कुळकायदा तर भाऊंचाच’ असं उत्तर ठरलेलं असतं. बरोबर, मूळ कायदा १९६४ चा आणि तो भाऊंच्याच सरकारने आणला. पण त्या कायद्याने कुळाला संरक्षण दिलं, खंडावर मर्यादा घातली. जमीन मालकाचीच राहिली. मालकी दिली ती १९७६ च्या दुरुस्तीने. २० एप्रिल १९७६ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी जमीन कसत असलेलं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. खंड कमी करणं आणि मालकी देणं यांत किती अंतर आहे, ते कसणाऱ्याला विचारावं.

ही दुरुस्ती सहज पचली असती तर तिला अर्थ नव्हता. जमीनमालक कोर्टात गेले. १९८४ मध्ये सत्तेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा कायदा राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात, म्हणजे कोर्टातल्या आव्हानांपासून संरक्षण असलेल्या कायद्यांच्या यादीत, घातला गेला आणि १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो टिकला. तोवर ताईंचं सरकार जाऊन अकरा वर्षं झाली होती. एका केंद्रशासित प्रदेशाच्या तीस आमदारांच्या विधानसभेने केलेल्या कायद्यासाठी इतकं रामायण झालं, ते तो निरुपद्रवी होता म्हणून नव्हे.

टीकाकारांची बाजू मीच मांडतो, कारण मजकुरात ती आलेली नाही. दोन्ही कायदे आणीबाणीच्या वर्षांतले. इंदिरा गांधींच्या वीस कलमी कार्यक्रमात जमीनसुधारणा होत्याच, त्यामुळे वारा पाठीमागून होता. कायदा झाला पण अंमलबजावणीचं घोडं मामलेदार कचेरीत पेंड खात राहिलं. नोंद करायला अर्ज, अर्जावर हरकत, हरकतीवर तारीख. मुंडकारांचे कितीतरी दावे वर्षानुवर्षं रेंगाळले, काही घरांत अर्ज आजोबाचा आणि सुनावणी नातवाची. याचा दोष ताईंच्या सरकारला लावायचा तर थोडा लावा, पण त्यानंतर आलेल्या प्रत्येक सरकारलाही त्याच रांगेत उभं करा.

खरी टीका करायची तर साहित्य दुसरीकडे आहे. यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळ घुसू लागले तेव्हा रांपणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, पोट असलेल्या रांपणकारांचा आवाज सरकारने वेळेवर ऐकला नाही. ट्रॉलरना आवर घालणारा कायदा ताईंचं सरकार गेल्यावर झाला. बसभाड्यात पन्नास टक्के सवलतीसाठी विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ते आंदोलन सरकारने असं काही हाताळलं की एरवी मगोच्या घरातली पोरंही विरोधात गेली. माझ्या मते १९८० च्या पराभवाची बीजं या दोन ठिकाणी जास्त सापडतात. पण घराणेशाहीवर शेरे मारणाऱ्याला माशांच्या राजकारणात रस कशाला असेल?

‘पक्ष बुडवला’ हा सगळ्यांत लोकप्रिय मुद्दा. याच्यासाठी फक्त कॅलेंडर उघडावं लागतं.

सरकार पडलं एप्रिल १९७९ मध्ये. शंकर लाड, दिलखुश देसाई आणि दयानंद नार्वेकर हे पक्षाचेच आमदार फुटले, पंधरांचं बळ ते किती, ते कोसळलं, आणि राष्ट्रपती राजवट आली. इथे म्हणतात, भाऊंच्या वेळी असं करायची कुणाची छाती होती? होती. १९७० साली सात आमदारांनी भाऊसाहेबांविरुद्धच बंड केलं होतं. भाऊंनी विरोधी युनायटेड गोवन्समधल्या फुटीरांच्या मदतीने सरकार वाचवलं. म्हणजे फुटाफुटीची कला गोव्याला ताईंच्या काळात आली नाही, आणि भाऊंनीही ती वर्ज्य मानली नव्हती. फरक इतकाच की बापाला गणित जमलं, लेकीला जमलं नाही. हे अपयश आहेच. राजकारणात गणित न जमणं हा लहान दोष नव्हे.

जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मगो सातवर आला, अर्स काँग्रेस (इंदिरा गांधींपासून वेगळा झालेला काँग्रेसचा गट) वीसवर. प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले, आणि गंमत अशी की राणेही मूळचे मगोचेच, भाऊंच्या १९७२ च्या मंत्रिमंडळातले. मग ताईंनी जे केलं त्याचं समर्थन मी करणार नाही. ज्या काँग्रेसविरुद्ध आयुष्य घालवलं तिच्यातच त्या सहकाऱ्यांसह गेल्या. कार्यकर्त्याला हे विश्वासघातासारखं वाटलं आणि वाटणारच होतं. तिथेही त्या रमल्या नाहीत. बाहेर पडून वडिलांच्या नावाने ‘भाऊसाहेब बांदोडकर गोमंतक पक्ष’ काढला, तो १९८४ मध्ये आपटला. आडनावाच्या जोरावर मतं मिळतात या सिद्धांताला याहून चांगलं उत्तर कुठून आणायचं? पक्षाच्या नावातच भाऊसाहेब होते, तरी मतदाराने विचारलं नाही.

पण पक्ष बुडाला का? रमाकांत खलप वगैरे मंडळींनी सिंह, म्हणजे मगोचं निवडणूक चिन्ह, जिवंत ठेवला, ताई परत आल्या, आणि १९८९ मध्ये चाळीस जागांच्या विधानसभेत मगोने १८ जिंकल्या. काँग्रेसच्या २०. बुडालेल्या पक्षाला अठरा जागा मिळत नाहीत. त्यानंतर १९९१ मध्ये मगोचे रवी नाईक आमदार घेऊन फुटले आणि काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्री झाले. १९९४ मध्ये मगोने भाजपशी युती केली: मगो १२, भाजप ४. पाच वर्षांनी, १९९९ मध्ये, चित्र उलटं: भाजप १०, मगो ४. ज्या बहुजन मतावर भाऊंनी पक्ष बांधला, ते मत या दशकात कमळाकडे सरकलं. मोठ्या भावाच्या तोऱ्यात युतीत शिरलेला पक्ष पाच वर्षांत धाकटा झाला. उत्तर गोव्यातून खलप १९९६ मध्ये लोकसभेवर गेले आणि केंद्रात राज्यमंत्री झाले तेही याच घसरणीच्या मधोमध. ही कथा ताईंच्या माथी मारणं सोपं आहे, कारण व्यक्तीवर बोट ठेवलं की युतीचे हिशेब तपासायला लागत नाहीत.

घराणेशाहीचंच म्हणाल तर बांदोडकरांच्या घरातून ताईंनंतर कुणी मुख्यमंत्री झालं नाही. आजच्या गोवा विधानसभेत नवरा-बायको शेजारी बसलेले दिसतात. सत्तेतल्या या जोड्यांबद्दल तो मजकूर पुढे ढकलणारे काय म्हणतात, ते वाचायला मला आवडेल.

शेवटचा मुद्दा, कोकणीचा द्वेष. ताई मराठीवादी होत्या, उघडपणे होत्या. मगोचा जन्मच महाराष्ट्रात विलीन होण्याच्या मागणीतून झाला आणि १९६७ च्या जनमत कौलात ती मागणी ३४ हजार मतांनी हरली. त्या लढाईचे ओरखडे दोन्ही भाषांवर अजून आहेत. पण १९९० मध्ये ताई शिक्षणमंत्री असताना जो निर्णय झाला तो बघा. सरकारी अनुदान फक्त प्रादेशिक भाषेतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांना. मराठीला, आणि कोकणीलाही. याचा परिणाम कुणावर झाला? चर्चच्या डायोसेसन सोसायटीच्या इंग्रजी प्राथमिक शाळांवर. अनुदान टिकवायचं तर माध्यम बदलणं भाग होतं, आणि त्या शाळा कोकणीकडे वळल्या, तीही देवनागरीत. कोकणीच्या चळवळीतल्या लोकांना अनेक ठरावांतून जे साधलं नव्हतं ते मगोच्या मंत्र्याच्या एका फाइलने साधलं. हेतू काय होता यावर वाद घाला. परिणामावर वाद घालायला जागा नाही. इंग्रजी माध्यम हवं असलेल्या पालकांचा राग मी समजू शकतो, त्यांच्यासाठी हा निर्णय जाचकच होता. पण तो राग कोकणीवाल्यांचा म्हणून खपवू नका.

२०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं, तेव्हा शहात्तर वर्षांच्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या व्यासपीठावर उभ्या राहिल्या, मराठीवाद्यांबरोबर आणि कोकणीवाद्यांबरोबरही. पुढच्या वर्षी सत्ता बदलली. पर्रीकर सरकारने चर्चच्या शाळांचं अनुदान चालूच ठेवलं, आणि त्या सरकारात मगोही मंत्रिपदांसह बसला होता. ताईंनी विरोध सोडला नाही. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या गेल्या तेव्हाही अनुदानाचं ते आंदोलन संपलेलं नव्हतं.